कापडी खोके: चिकटवावे की शिवावे, आणि आत काय घालावे

घरातले रिकामे खोके, उरलेले कापड आणि थोडा दोरा एवढ्या सामग्रीतून सामान ठेवायचे देखणे कापडी खोके तयार होते, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. मात्र ते करायच्या पद्धती एकाहून अधिक आहेत, आणि कोरड्या हवेच्या गावात जी पद्धत बिनतक्रार चालते ती गोव्यात चालेलच असे नाही. वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस आणि जून ते सप्टेंबर सतत ओलसर राहणारी हवा या दोन गोष्टी इथे निवड ठरवतात. रंग, काठ आणि नक्षी यांचा विचार त्यानंतरचा.

पहिला प्रश्न कापड पुठ्ठ्यावर चिकटवावे की शिवून चढवावे, हा आहे. चिकटवण्याचे काम निःसंशय लवकर होते. पुठ्ठ्याला फेव्हिकॉल किंवा खळ लावून कापड ताणून बसवले, कडा आत दुमडल्या, आतून दुसरा कागद किंवा कापड लावले की दुपारच्या दोन-तीन तासांत खोके उभे राहते, कोपरे धारदार दिसतात आणि शिवणयंत्राची गरज पडत नाही. भेटवस्तू द्यायची असेल, किंवा खोके कोरड्या कपाटात राहणार असेल, तर याहून अधिक खटाटोप करण्याचे कारण नाही.

अडचण पावसाळ्यात सुरू होते. पुठ्ठा हवेतला दमटपणा शोषतो, पण चिकटवलेले कापड त्याला नीट सुकू देत नाही. ऑगस्टच्या सुमारास असे खोके उघडून पाहिले तर तळाच्या कोपऱ्यांत कापडाला फुगवटे आलेले, त्यांच्याभोवती राखाडी ठिपके पडलेले आणि खळ वापरली असेल तर कसर या किडीने कुरतडलेल्या वेड्यावाकड्या रेघा उमटलेल्या दिसतात. जुने बाइंडर खळीत मोरचूद घालत ते याचसाठी. पण मोरचूद विषारी आहे, आणि लहान मुले हाताळणार असलेल्या किंवा खाण्याचे जिन्नस ठेवायच्या खोक्यात त्याला जागा असू नये. फेव्हिकॉलला कसर तितकी लागत नाही, तरी ओल ती ओलच. शिवाय डाग पडला तर चिकटवलेले कापड धुता येत नाही, म्हणजे कापड खराब झाले की खोकेही टाकावे लागते.

शिवलेल्या खोक्यात कापडाची पिशवी वेगळी असते आणि तिला ताठपणा देणारे पुठ्ठे वेगळे. ते आत सरकवता येतात, तसेच बाहेरही काढता येतात. उन्हाची एखादी तिरीप आली की कापड धुवून वाळवावे आणि पुठ्ठे वेगळे सुकवावेत, ही सोय गोव्यात इतकी मोलाची आहे की शिवण्यात जाणारा अधिकचा वेळ त्यापुढे किरकोळ वाटतो. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आराशीचे सामान, माळा आणि मखराचे कापड वर्षभर बांधून ठेवायचे असते, आणि पुढच्या चवथीपूर्वी त्या सामानाला अख्खा पावसाळा काढावा लागतो. अशा कामासाठी तर शिवलेलेच खोके घ्यावे.

आत काय घालावे, यासाठी स्वस्तात तीन पर्याय आहेत. किराण्याच्या आणि दारूच्या दुकानांबाहेर पडलेली पन्हळी पुठ्ठ्याची खोकी बहुधा फुकट मिळतात, आणि त्यांतही बारा बाटल्यांचे खोके पहिली पसंती ठरावे, कारण नऊ लिटर द्रव आणि वर काचेचे वजन पेलण्यासाठी ते बनवलेले असते. (गोव्यात या कच्च्या मालाचा तुटवडा पडण्याची भीती नाही.) हा पुठ्ठा कापताना आतल्या पन्हळी उभ्या राहतील असे पाहावे, आडव्या राहिल्या तर बाजू वजनाखाली सहज वाकते. घडीचा माग असलेला तुकडा टाळावा, कारण तिथे ताकद आधीच गेलेली असते. दमट हवेत हा पुठ्ठा मऊ पडतो हा त्याचा खरा दोष आहे, पण बदलायला काही खर्च येत नसल्याने शिवलेल्या खोक्यात तो दोष फारसा जाणवत नाही.

दुसरा पर्याय वहीच्या बांधणीचा जाड, घट्ट पुठ्ठा. सुमारे दोन मिलिमीटर जाडीतही तो ताठ उभा राहतो आणि खोके नेटके दिसते. मात्र तो साध्या कात्रीने कापत नाही, लोखंडी पट्टी धरून कटरने दोन-तीनदा ओढावे लागते, आणि एकाच बाजूने ओल लागली की तो पन्हाळीसारखा वाकतो. चिकटवायच्या खोक्याला हाच पुठ्ठा योग्य, पण वाक येऊ नये म्हणून दोन्ही बाजूंना सारखेच काहीतरी चिकटवावे लागते.

तिसरा पर्याय निवडणुकीच्या आणि वाढदिवसाच्या फलकांसाठी वापरली जाणारी पोकळ प्लास्टिकची पन्हळी शीट. ती पाणी शोषत नाही, वजनाला हलकी असते आणि ओल्या फडक्याने पुसता येते. तिच्यावर फेव्हिकॉल धरत नाही, त्यामुळे ती चिकटवण्याच्या पद्धतीला निरुपयोगी, पण शिवलेल्या पिशवीत घालायला उत्तम. महिनोन्‌महिने उन्हात उभा राहिलेला फलक मात्र घेऊ नये, कारण उन्हाने हे प्लास्टिक ठिसूळ होते; कोपरा किंचित वाकवून पाहावा, कडकन आवाज आला तर तो तिथेच ठेवावा. स्वयंपाकघरात किंवा न्हाणीघराजवळ राहणाऱ्या खोक्यासाठी माझी निवड हीच, इतरत्र बाटल्यांच्या खोक्याचा पुठ्ठा पुरेसा आहे.

यंत्रावर शिवायचे असल्यास सर्वांत सोयीचा आकार फुलीचा आहे. ३० सें.मी. लांब, २० रुंद आणि १५ उंच असे खोके धरले, तर तळ मध्ये आणि चार बाजू चार दिशांना पसरल्यावर ६० गुणिले ५० सें.मी.ची फुली होते. शिलाई आणि सैलपणा धरून ती ६४ गुणिले ५४ कापावी. बाहेरचे कापड आणि अस्तर प्रत्येकी पाऊण मीटर घेतले की ९० सें.मी. पन्ह्यातही भागते, बाजूला उरलेल्या पट्टीत झाकण निघते, आणि चार कोपऱ्यांतून निघणारे चौकोन आतल्या खिशांना व बांधायच्या बंदांना पुरतात. दोन्ही कापडे सुलट बाजू आत ठेवून शिवावीत, चारही भुजांची टोके मोकळी सोडावीत आणि उलटवून तळाच्या तीन रेघांवर टीप मारावी. चौथ्या रेघेवर टीप मारण्याऐवजी टिचबटणे लावली, तर तळाचा पुठ्ठाही हवा तेव्हा निघतो. टोकेही टिचबटणांनीच बंद करावीत. पुठ्ठे प्रत्येक बाजूने दोन-तीन मिलिमीटर कमी कापून त्यांचे कोपरे कात्रीने किंचित गोल करावेत, म्हणजे ते आत सरकताना शिवणीत अडकत नाहीत. उभे कोपरे बंदांनी बांधले की खोके उभे राहते आणि बंद सोडले की पाटासारखे सपाट पसरते.

हातशिलाईची रीत निराळी आहे. प्रत्येक पुठ्ठ्याला स्वतंत्र खोळ शिवायची आणि त्या खोळी कडेने काजटाक्याने जोडायच्या. भरतकामाचा उठावदार रंगाचा दोरा वापरला तर ही जोडणी स्वतःच नक्षी होते, आणि यंत्रावर शिवलेल्या खोक्यापेक्षा असे खोके अधिक देखणे दिसते, हे मान्य करावे लागते. पण वेळ कितीतरी जास्त लागतो, आणि धुण्यासाठी ते उसवावे लागते. ज्यांना टाका घालण्यातच आनंद आहे त्यांनी हीच रीत निवडावी. ज्यांना एकाच मापाची अनेक खोकी हवी आहेत त्यांनी या वाटेला जाऊ नये.

कापडाबाबत थोडक्यात सांगायचे तर कुणबी साडीच्या वळणाचे लाल चौकड्यांचे सुती कापड टिकते आणि दिसतेही ठसठशीत, पण लाल रंग जातो, म्हणून ते आधी वेगळे भिजवून रंग सुटायचा थांबेपर्यंत धुवावे. खण सुंदर दिसतो, तथापि त्याचा पन्हा अरुंद असल्याने फुली बसवताना तंगी होते. तो झाकणापुरता किंवा पट्टीपुरता वापरावा. जुन्या साडीचा काठ फुकटची शोभा आहे, फक्त विरलेला भाग टाळावा. अस्तराला मांजरपाट घ्यावे आणि त्यातली कांजी धुवून काढावी, कारण कसरीला कांजी खळीइतकीच आवडते. जाड कापडाला १६ नंबरची सुई, नेहमीच्या सुतीला १४. कापडाच्या दुकानात पूर्ण दर देण्यापेक्षा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा ओळखीच्या शिंप्याकडे कातरणे पाहावीत.

घरी यंत्र नसेल तर कापलेली फुली शिंप्याकडे द्यायला हरकत नाही. मात्र तळाची चौथी रेघ शिवायची नाही हे खडूने आखून द्यावे, नाहीतर तो सवयीने चारही बाजू शिवून मोकळा होतो. आणि चवथीच्या आधीच्या महिन्यात हे काम घेऊन जाऊ नये, त्या दिवसांत त्याच्यापाशी घरोघरच्या नव्या कपड्यांचा ढीग पडलेला असतो.