लीड की रिदम? यामाहा पॅसिफिका ११२ व्ही, आठ महिन्यांच्या वापरानंतर

इलेक्ट्रिक गिटार घेण्यासाठी पुण्यातल्या एका दुकानात गेलो, तेव्हा विक्रेत्याने पहिलाच प्रश्न केला, "लीड वाजवणार की रिदम?" लीड म्हणजे एकेका सुराने वाजणारी धून आणि सोलो, रिदम म्हणजे तिच्यामागची कॉर्डची साथ. तीन वर्षे केवळ अकूस्टिकवर कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) धरणाऱ्या माणसाला याचे उत्तर कुठून ठाऊक असणार? तरीही लीडसाठी एक आणि रिदमसाठी दुसरी गिटार काढून त्यांनी समोर ठेवली आणि निर्णय त्याच क्षणी घ्यावा असा आग्रह धरला. मी काही न घेताच परतलो आणि महिन्याभराने दुसऱ्या ठिकाणी यामाहा पॅसिफिका ११२ व्ही घेतली. ज्याचे अजून ठरलेले नाही, त्याने हीच गिटार घ्यावी असे माझे स्पष्ट मत आहे.

मुख्य कारण तिच्या पिकअपमध्ये, म्हणजे तारांची कंपने टिपणाऱ्या चुंबकी भागांमध्ये आहे. नेकपाशी (मानेकडे) आणि मध्ये सिंगल कॉइल, तर ब्रिजपाशी (तारा बॉडीवर टेकतात तिथे) दोन कॉइलचा हंबकर अशी तीन पिकअप असून पाच टप्प्यांच्या स्विचने ती निवडता येतात. हंबकरवर थोडे डिस्टॉर्शन (आवाजाला मुद्दाम आणलेली खरखर) दिले की सोलोला लागणारा भरदार, रेंगाळणारा सूर मिळतो. त्याच जागेवर टोनचा नॉब वर ओढला, की हंबकरची एक कॉइल बंद होते आणि आवाज बारीक, लख्ख होतो. जाड आवाजात सहा तारांची बारे कॉर्ड (एक बोट सर्व तारांवर आडवे दाबून धरलेली) एकमेकींत कालवल्यासारखी वाटते. नॉब ओढल्यावर त्याच कॉर्डमधली प्रत्येक तार सुटी ऐकू येते. मधले आणि नेकपाशचे पिकअप एकत्र लावून, मनगट सैल सोडून स्ट्रमिंग केले, की मला उठावेसेच वाटत नाही.

साडेपंचवीस इंची स्केल (तारेची वाजणारी लांबी), २२ फ्रेट आणि ०९ च्या तारा (सर्वांत पातळ तार ०.००९ इंच जाडीची) या जोडणीवर बेंड, म्हणजे तार ओढून सूर चढवणे, सहज जमतात, मात्र जोरात स्ट्रमिंग केले की इतक्या पातळ तारा क्षणभर चढ्या बोलतात. म्हणून मी १० चा संच चढवला. तारा बदलल्यावर ब्रिजच्या स्प्रिंगही थोड्या आवळून घ्याव्या लागल्या, कारण तरंगता ट्रेमोलो (बॉडीला न टेकता स्प्रिंगवर तोललेला हलता ब्रिज) असलेल्या कोणत्याही गिटारवर तारांचा ताण वाढला की ब्रिज पुढे झुकतो. एक तार बेंड करताना शेजारची तशीच धरून ठेवली, तर ती किंचित उतरते, हेही त्याच रचनेमुळे घडते. सोलोत दोन तारांचे बेंड वापरणाऱ्यांनी ब्रिज बॉडीला टेकवून ठेवावा.

रिदम म्हणजे लीड न जमणाऱ्याची सोय, हा समज मला मनापासून खटकतो. १९७३ साली सिडनीत सुरू झालेल्या एसी/डीसी या रॉक बँडमध्ये अँगस यंग सोलो वाजवत असे, पण त्या सोलोंना पाय रोवायला जमीन दिली ती त्याचा भाऊ माल्कम याने. माल्कमने आपल्या ग्रेच गिटारमधली इतर पिकअप काढून फक्त ब्रिजपाशचे ठेवले होते आणि त्याच्या तारा चांगल्या जाड असत. आपल्याला काय वाजवायचे आहे, हे ज्याला इतके नेमके कळले आहे, त्याला पाच टप्प्यांच्या स्विचची गरज नाही. आपल्याला मात्र आहे.

माझा निर्णय सहाव्या महिन्यात झाला. मेट्रोनोम मिनिटाला ८० ठोक्यांवर ठेवून मी सोलो आणि कॉर्ड दोन्ही फोनवर रेकॉर्ड केले. सोलोतले बेंड बऱ्यापैकी सुरात होते, पण साध्या चार कॉर्डच्या आवर्तनात प्रत्येक बदलाच्या वेळी उजवा हात ठोक्याच्या पुढे धावत होता. ती धाव थांबवण्यातच मला अधिक गोडी वाटू लागली आणि आता रोजच्या तासातली चाळीस मिनिटे रिदमला जातात.

दुकानात ही गिटार वाजवून पाहणार असाल, तर ॲम्पवरचे डिस्टॉर्शन आधी बंद करायला सांगा, ब्रिजचे पिकअप निवडा आणि नॉब एकदा खाली, एकदा वर ठेवून तीच कॉर्ड दोनदा वाजवा.