रिजेक्शन ७.२ टक्के, तरी कार्ड हिरवं: डॅशबोर्डच्या नावाखाली ९९,१२० रुपये गेले

बेळगाव भागातल्या उद्यमबाग, मच्छे, निपाणी, संकेश्वरकडच्या छोट्या कारखानदारांनो, ‘टॅलीवरून थेट पॉवर बीआयचा डॅशबोर्ड बसवून देतो’ म्हणत कोणी आला तर आधी हे वाचा. टॅली म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर, पॉवर बीआय म्हणजे त्यातले आकडे पडद्यावर कार्डं-तक्त्यांत दाखवणारं. आमच्या फाउंड्रीचे ९९,१२० रुपये गेलेत. काम ६०,०००, ‘वर्षाचं लायसन्स’ २४,०००, वर १८ टक्के जीएसटी १५,१२०. निम्मे आगाऊ, निम्मे डेमोनंतर. दुसरा हप्ता जमा झाला आणि फोन बंद.

पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. संताप होतो तो डेमोच्या पडद्याचा. रिजेक्शनचं, म्हणजे नापास मालाचं, टार्गेट ४ टक्के, चालू आकडा ७.२, आणि कार्ड हिरवंगार! चोरी सगळ्यांसमोर भिंतीवर झळकत होती. आकडा टार्गेटशी ताडून रंग दाखवणाऱ्या या केपीआय कार्डाला तीन गोष्टी लागतात: आकडा, टार्गेट आणि ट्रेंडसाठी तारीख. त्याची दिशा मुळात ‘जास्त ते चांगलं’ अशी असते. रिजेक्शन, थकलेली उधारी, टनामागे वीज यांना ती उलटी, ‘कमी ते चांगलं’ करावी लागते. त्या माणसाने हातही लावला नव्हता.

शेजारचं डिस्पॅचचं कार्ड डिसेंबरातही सप्टेंबर दाखवत होतं. महिन्यांची नावं नुसता मजकूर म्हणून टाकली की इंग्रजी अक्षरक्रमाने लागतात, त्यात सप्टेंबर शेवटी येतो, आणि हे कार्ड शेवटचा बिंदूच उचलतं. महिन्याच्या क्रमांकाचा कॉलम करून ‘सॉर्ट बाय कॉलम’ दिलं की काम होतं. वेळेवर डिलिव्हरीच्या आयकॉनचा नियम तर ‘९० पर्सेंट’ ठेवलेला. तिथलं पर्सेंट म्हणजे कॉलममधल्या सर्वात लहान आणि मोठ्या आकड्यांमधली जागा. सगळ्या पार्ट्या ४० ते ६२ टक्क्यांत असल्या तरी ६२ वाल्याला हिरवा मिळणारच! ‘नंबर’ निवडून ०.९ लिहायला हवं.

“तेव्हाच कसं कळलं नाही?” असं विचारणारे आता पुष्कळ भेटतात. भट्टी, मोल्डिंग, पार्टीचे तगादे सांभाळून रंगामागची सेटिंगही आपणच तपासायची काय? त्याचेच तर पैसे मोजले होते की.

आकडेही टॅलीतले नव्हते. डॅशबोर्डची मूळ पीबीआयएक्स फाइल मागा, ‘ट्रान्स्फॉर्म डेटा’ उघडा, ‘सोर्स’ पायरीवर क्लिक करा. फाइलचा पाथ किंवा सर्व्हरचं नाव दिसायला हवं. अर्थ न लागणारी अक्षरांची लांबलचक माळ दिसली तर आकडे हाताने भरलेत. टॅलीत तुमच्या डोळ्यांदेखत एक एंट्री बदलायला लावा, रिफ्रेश करा. कार्ड हललं नाही तर एक पैसा सोडू नका.

लायसन्सचे २४,००० कशाचे? पॉवर बीआय डेस्कटॉप फुकट मिळतं. आमची लिंक लॉगिन न मागता उघडायची, म्हणजे ‘पब्लिश टू वेब’, इंटरनेटवर कोणालाही खुली. पार्टीनिहाय दर जगासमोर उघडे! आणि खातं त्याचं, त्यामुळे ती लिंक बंद करणंही आपल्या हातात नाही. अकाउंट कंपनीच्याच नावाने काढा, अ‍ॅडमिन स्वतः राहा.

आता दाद कुठे मागायची ते ऐका. बेळगावात पोलीस म्हणाले, माणूस कोल्हापूरचा, तिकडे जा. कोल्हापुरात म्हणाले, पैसे बेळगावातून गेले, तिकडे जा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठेही घडलेला असो, कोणत्याही ठाण्यात माहिती नोंदवता येते. हे सांगितल्यावर उत्तर काय, तर “हा दिवाणी वाद.” मराठीतला अर्ज परत, कन्नडमध्ये आणा. आणला, तर साहेब नाहीत. अहो, नसलेल्या लायसन्सचे पैसे घेणं हा व्यवहारातला वाद कसा? ग्राहक आयोगाचं दारही बंद, कारण व्यापारी कामासाठी घेतलेली सेवा त्यांच्या कायद्यात बसत नाही. छोट्या उद्योगांच्या थकबाकीचं सरकारी पोर्टल पैसे अडकलेल्या पुरवठादाराचं ऐकतं, बुडालेल्या खरेदीदाराचं नाही. सीमेवरच्या माणसाने दोन राज्यांत कर भरायचा आणि दोन्हीकडून हाकलून घ्यायचं!

पैसे गेल्याचं कळताच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, उशीर झाला की रक्कम पुढे सरकते.

आणि बिल नीट बघा. कोल्हापूरच्या माणसाचा जीएसटी क्रमांक महाराष्ट्राच्या २७ ने सुरू व्हायला हवा आणि बेळगावच्या बिलावर आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा कर, लागायला हवा. आमच्या बिलावर पत्ता कोल्हापूरचा, क्रमांक कर्नाटकच्या २९ चा, कर ९ अधिक ९, म्हणजे एकाच राज्यातल्या व्यवहारासारखा. जीएसटी पोर्टलवर क्रमांक टाकला तर निघाला भलत्याच दुकानाचा. ते १५,१२० आमच्या खरेदीवरचा कर दाखवणाऱ्या जीएसटीआर-२बी विवरणात आलेच नाहीत, त्यामुळे त्यांचं क्रेडिटही मिळालं नाही.