4के सिनेमे उतरवायचेत, मग वायरचं फायबर घ्यायचं की एअरफायबर?

आमच्या फिल्म क्लबातल्या दोघांनी एकाच आठवड्यात विचारलं, घरी नेट घ्यायचंय, पोरं आपल्या फिल्मच्या 4के फाइल ड्राइव्हवर टाकतात त्या उतरवायच्या असतात, तर 30 एमबीपीएसचं वायरवालं घेऊ का 100 चं एअरफायबर (म्हणजे टॉवरवरून येणारं बिनवायरचं नेट)? दोघांनी नुसता स्पीड बघितला होता. माझं म्हणणं, आधी महिन्याला किती जीबी मिळतात ते बघा.

जिओचंच उदाहरण घेऊ. वायरवाल्या फायबरचा 30 एमबीपीएसचा प्लॅन 399 ला, जीएसटी धरून 471 च्या आसपास, आणि महिन्याची मर्यादा 3300 जीबी. एअरफायबरचा 100 एमबीपीएसचा 899 अधिक जीएसटी आणि मर्यादा 1000 जीबी. दोन्हीकडे जाहिरातीत अनलिमिटेडच लिहिलेलं असतं, कारण मर्यादा संपली की नेट बंद होत नाही, नुसता स्पीड पडतो. (दर बदलत राहतात, घ्यायच्या दिवशी एकदा बघून घ्या.)

आता फाइल केवढी असते ते बघू. 4के ब्लू-रेच्या डिस्क 66 आणि 100 जीबीच्याही असतात, म्हणून त्या क्वालिटीचा एक सिनेमा आपण 60 जीबी धरू. 30 एमबीपीएसवर तो उतरायला साडेचार तास लागतात, 100 वर एक तास वीस मिनिटं, आता हे वाचून कुणीही 100 च घेईल, पण तोच 100 चा स्पीड पूर्ण मिळाला आणि सलग डाउनलोड लावून ठेवलं तर 1000 जीबी 22 तासांत संपतात! एका दिवसात महिन्याचा डेटा गेला. सिनेमांत मोजायचं तर एअरफायबरवर महिन्याला 16 आणि वायरवर 55, आणि साडेचार तासांचं काय, रात्री लावून झोपायचं, सकाळी फाइल तयार. मर्यादा संपल्यावर स्पीड समजा 2 एमबीपीएसवर आला तर तोच एक सिनेमा जवळजवळ पावणेतीन दिवस घेतो. आणि बऱ्याच प्लॅनमध्ये अपलोडही त्याच हिशोबात धरतात, म्हणजे घरातला सीसीटीव्ही क्लाउडवर रेकॉर्डिंग टाकत असेल तर तेही त्यातूनच जातं.

एडिटिंग करणाऱ्यांनी तर एअरफायबरच्या वाटेला जाऊच नये. 4के प्रोरेस 422 एचक्यूची (एडिटिंगला वापरतात त्या जड फॉरमॅटची) फाइल तासाला 300 जीबीच्या वर जाते, दीड तासाच्या एका फिल्ममध्ये महिन्याचा निम्मा डेटा गेला समजा.

नुसतं ओटीटीवर बघणाऱ्यांचं गणित मात्र वेगळं आहे. नेटफ्लिक्सला 4के साठी 15 एमबीपीएस पुरतं आणि तासाला साधारण 7 जीबी जातात, दोन तासांचा सिनेमा 14 जीबी. रोज एक बघितला तरी 420 जीबी होतात, म्हणजे 1000 मध्ये आरामात बसतं. आणि फोनवरच्या ॲपमध्ये डाउनलोड दाबलं तरी ते 4के येत नाही, त्यामुळे तेवढ्यासाठी मोठा प्लॅन घेऊ नका.

गावात, वाडीवर वायर पोचलेलीच नसेल तर एअरफायबर घ्या, दुसरं करणार काय, गच्चीवर डबा लावतात आणि काम होतं. फक्त टॉवर सगळ्यांचा एकच असतो, संध्याकाळी सगळे नेटवर असले की स्पीड पडतो, म्हणून डाउनलोड पहाटेला लावा.

लोकल केबलवाल्या दादाचं फायबर स्वस्त पडतं, पण त्याला तोंडावर विचारा, किती जीबीनंतर स्पीड कमी होतो आणि किती होतो. आमच्याकडे एकाने "काही लिमिट नाही" सांगितलं होतं आणि विसाव्या दिवशी स्क्रीनिंगची फाइल अर्ध्यात अडकली, फार वाईट वाटलं त्या दिवशी, कारण ती फिल्म करणारी मुलगी स्वतः येणार होती.

अजून एक, फाइल पेनड्राइव्हवर टाकायची तर तो आधी एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, फॅट32 या जुन्या फॉरमॅटवर 4 जीबीच्या वरची फाइल जातच नाही.