मटेरियलसकट की नुसती मजुरी? एकाच घराचं काम दोन्ही पद्धतीनं करून घेतल्यावर

आमचं घर सांगलीत, नदीपासून फार लांब नाही. २०१९ ला घरात पाणी आलं, सगळं धुऊन पुसून परत बसवलं आणि २०२१ च्या जुलैमध्ये परत आलं. त्यानंतर दोन कामं ठरली. एक म्हणजे खालचं घर नीट करायचं, प्लास्टर, बाथरूम, ओटा, फरशी सगळंच, आणि दुसरं म्हणजे वर मजला चढवायचा, कारण आईला घेऊन परत नातेवाइकांकडे धावायची ताकद कुणात उरली नव्हती. खालचं काम मटेरियलसकट दिलं, म्हणजे माल आणि मजुरी दोन्ही ठेकेदाराची, ठरल्या रकमेत. वरचं दीड वर्षानं लेबर रेटवर केलं, म्हणजे माल आमचा आणि मजुरी त्यांची. ठेकेदार वेगळे होते त्यामुळं तंतोतंत तुलना होणार नाही हे मान्य, पण घर तेच, माणसं तीच, गाव तेच, म्हणून जे दिसलं ते सांगतो. सध्या ओळखीतले बरेच जण याच प्रश्नावर अडकलेत.

चौरस फुटाला काय दर चाललाय त्यात जात नाही.

आधी मटेरियलसकटचं चांगलं. नोकरी करणाऱ्या माणसाला ते खरंच सोयीचं आहे. सकाळी सहाला क्रश सँडचा डंपर दारात आला म्हणून उठायचं नाही, ब्रास (शंभर घनफूट) भरतो का बघायला टेप घेऊन डंपरवर चढायचं नाही, रात्री सळईवर कोण लक्ष ठेवणार हा विचार नाही. ठेकेदाराची दुकानदारांशी रोजची ऊठबस असते, त्याला माल लवकर मिळतो, कधी कधी आपल्यापेक्षा स्वस्तही मिळतो. आमचं खालचं प्लास्टर फोडण्याचं काम त्यानं चार दिवसांत उरकलं, आणि भिंतींना लोणा लागला होता त्या उघड्या ठेवून चांगल्या वाळू दिल्या, घाई केली नाही. हे त्याचं कौतुक मी आजही करतो. माणूस कामाला वाईट नव्हता.

लेबर रेटमध्ये हा सगळा ताप आपल्याकडं येतो. शिवाय माल वाया जातो आणि तो आपला जातो. संध्याकाळी घमेल्यात उरलेला माल तसाच सुकतो, सळईचे तुकडे पडतात, विटा उतरवतानाच किती फुटतात. मजुरीवाल्याला त्याचं सुखदुःख नसतं कारण पैसे त्याचे नाहीत. सिमेंट फळ्यांवर ठेवायचं, भिंतीपासून सोडून ठेवायचं, ताडपत्री टाकायची, आधी आलेली पोती आधी वापरायची, हे सगळं आपणच बघायचं. मी पहिल्या महिन्यात चार पोती दगड करून बसलो, वळवाच्या पावसानं, एका रात्रीत.

आता मला ज्या गोष्टीनं निर्णय घ्यायला लावला ती.

आमच्या घरी कामाच्या दिवसांत बायको कालनिर्णयच्या चौकोनात रोज लिहायची, गवंडी किती, बिगारी किती, काय झालं. दोन्ही कामांची कॅलेंडरं जपून ठेवलीयत आणि परवा दोन्ही शेजारी शेजारी टाकून बघितली. मटेरियलसकटच्या वर्षी डिसेंबरच्या पानावर एकाखाली एक सलग चौकोन आहेत आणि प्रत्येकात एकच, "नाही आले". असे एकोणीस. बाथरूम फोडून ठेवलेलं होतं. जुनी फरशी काढून पोत्यांत भरून दारात ठेवलेली, नळाची तोंडं चिंध्या कोंबून बंद केलेली, संडासच्या पाइपावर घमेलं पालथं घालून त्यावर वीट ठेवलेली, आणि आई, पंचाहत्तरीची, रात्री दोनदा उठणारी, शेजारच्या काकूंकडं जायची. काकूंनी एका शब्दानं काही म्हटलं नाही, पण रात्री दोन वाजता दुसऱ्याचं दार वाजवताना आईला काय वाटत असेल ते मला बघवायचं नाही.

रोज फोन. "उद्या नक्की मालक." मग फरशीवाला गावाला गेलाय. मग वॉटरप्रूफिंगचं केमिकल यायचंय. मग प्लंबरच्या घरी लग्न. प्रत्येक कारण खरंही असेल, पण खरं कारण मला दुकानात गेल्यावर कळलं. ठेकेदाराचं तिथलं खातं थांबलं होतं, आधीची उधारी फिटल्याशिवाय माल द्यायला दुकानदार तयार नव्हता. आणि माझा हप्ता? तो दुसऱ्या साइटच्या स्लॅबला गेलेला, कारण तिथं स्लॅब ओतून झाला की मोठं पेमेंट निघणार होतं आणि माझ्याकडं राहिलेलं काम किरकोळ होतं. त्यानं मला फसवायचं म्हणून केलं असं मी म्हणणार नाही, चार साइट एका खिशातून चालवणारा माणूस असंच करत असावा. पण माझ्या घरात काम का थांबलंय हे मला एकोणीस दिवस कळलं नाही, आणि कळल्यावरही माझ्या हातात काही नव्हतं. दुकानात जाऊन मी रोख पैसे देऊन केमिकल आणलं असतं तर ते कुठल्या हिशोबात धरायचं, ठरल्या रकमेत की वरचं, यावरच भांडण झालं असतं.

दुसऱ्या वर्षीच्या कॅलेंडरातही थांबलेले दिवस आहेत, कमी नाहीत. "सिमेंट संपलं, दुपारनंतर बंद." "वीट आली नाही." "गवंडी यात्रेला, २ दिवस." पण प्रत्येक चौकोनात कारण लिहिलेलं आहे! सकाळी आठला मिस्त्रींचा, म्हणजे या मजुरीवाल्या ठेकेदाराचा, फोन यायचा, मालक वीट आज पुरणार नाही, मी ऑफिसातून भट्टीवाल्याला फोन लावायचो, उद्या गाडी उतरायची. चूक असली तर माझी, आणि सुधारायची तर मीच. शनिवारी खर्ची द्यायच्या आधी झालेलं काम मोजायचं, त्या हिशोबानं पैसे द्यायचे, त्यामुळं माझे पैसे कामाच्या पुढं फार पळालेच नाहीत. मटेरियलसकटमध्ये उलटं होतं, प्लास्टर झालं की एक हप्ता, फरशी झाली की एक हप्ता, आणि मग जिथं हप्ता जवळ तिथं माणसं जोरात आणि जिथं लांब तिथं कुणीच नाही. शेवटची किरकोळ कामं, दाराच्या चौकटीशेजारचं प्लास्टर, झिरी बुजवणं, मोरीचा उतार, यांना कुणाचाच हप्ता नसतो, ती वर्षानुवर्षं तशीच राहतात. आमच्या ओट्याखालची एक झिरी अजून उघडी आहे.

सगळं थांबणं वाईट नसतं हेही सांगितलं पाहिजे, कारण बरेच लोक इथं उगाच ठेकेदारावर चिडतात. स्लॅब पडल्यावर खालचे टेकू लगेच काढत नाहीत, आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणं साध्या ओपीसी सिमेंटला साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला (दोन आधारांमधल्या अंतराला) किमान ७ दिवस आणि त्याच्या वर १४, आणि पीपीसी म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट असेल तर निदान १० दिवस पाणी मारत राहायचं. त्या दिवसांत घर ओस दिसतं, माणूस दिसत नाही, पण काम चालूच असतं म्हणा ना. या दिवसांत ठेकेदाराला घाई लावू नका. माझ्या दृष्टीनं दोघांतला फरक एवढाच, की लेबर रेटवर कुठलं थांबणं काँक्रीट पक्कं होण्यासाठी आहे आणि कुठलं माणसं पळवल्यामुळं आहे हे लगेच उमगतं. माल माझ्या दारात पडलेला असताना गवंडी आला नाही तर कारण एकच उरतं, तो दुसरीकडं आहे, आणि मग मिस्त्रींना सरळ विचारता येतं. विचारलंही एकदा. ते दुसऱ्या दिवशी माणसं घेऊन आले.

कामाच्या दर्जाबद्दल मी जपून बोलतो, कारण मी इंजिनिअर नाही. पण स्लॅबच्या दिवशी मुलगा मिक्सरजवळ खुर्ची टाकून बसला होता, रिकामी पोती दहा दहाच्या थप्प्यांत लावायचं काम त्याच्याकडं. एम २० काँक्रीटच्या १:१.५:३ (सिमेंट, वाळू, खडी) मिश्रणाला घनमीटरला साधारण ८ पोती लागतात, संध्याकाळी थप्प्या मोजल्या आणि हिशोब बसला. आपलं सिमेंट आहे म्हटल्यावर ते वाचवण्यात कुणालाच रस नव्हता. मटेरियलसकटमध्ये मी असं मोजायला बसलो असतो तर ठेकेदाराला अविश्वास वाटला असता, आणि वाटणं साहजिक आहे. बाथरूमला वॉटरप्रूफिंग केल्यावर पाणी भरून दोन दिवस ठेवायला मी सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा पडला होता. एकोणीस दिवस घालवल्यावर त्याला त्या दोन दिवसांची घाई होती!

पैशाचं म्हणाल तर शेवटी फार फरक पडला नाही असं माझं मत. वाया गेलेला माल धरला तर लेबर रेट स्वस्त पडतो असं छातीठोक सांगता येत नाही. फक्त एक, सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तर माल तुम्ही घेत असाल तर दुकानात जो दर उतरेल तो थेट तुम्हाला मिळतो. आमच्या एका पाहुण्यांचं मटेरियलसकट काम चालू आहे, त्यांचा चौरस फुटाचा दर जिथल्या तिथं आहे.

आणि जुन्या घराची दुरुस्ती असेल तर आणखी एक बघा. प्लास्टर उतरवल्याशिवाय आत काय आहे ते कुणालाच माहीत नसतं, आमच्याकडं जुना जीआय (लोखंडी) पाइप हातात घेतला की भुगा व्हायचा. मटेरियलसकटच्या एस्टिमेटमध्ये ते नव्हतं, म्हणून दर आठवड्याला "हे वेगळं होईल मालक" सुरू झालं. नवीन बांधकामात हे कमी असतं, तिथं मटेरियलसकट चालून जाईल कदाचित.

पुण्यात राहून गावाकडं घर बांधणार असाल, किंवा घरात दिवसभर थांबणारं कुणीच नसेल, तर मटेरियलसकटच द्या, लेबर रेट लांबून झेपत नाही. पण मग हप्ते लहान आणि जास्त पाडून घ्या, सिमेंट आणि स्टीलचं बिल दुकानदाराला परस्पर द्यायचं ठरवा, शेवटचा हप्ता जरा मोठा ठेवा म्हणजे झिऱ्या बुजतील. आणि बाथरूम एकच असेल तर फरशी, पाइप, केमिकल सगळं दारात येऊन पडल्याशिवाय पहिला घाव घालू देऊ नका.

आमचं आता वरच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग राहिलंय, जूनच्या आधी उरकायचंय. मिस्त्रींना सांगून ठेवलंय, कोब्याच्या (गच्चीवरच्या विटांच्या थराच्या) विटा, सिमेंट, केमिकल मी आणून टाकतो, तुम्ही दोन गवंडी आणि तीन बिगारी घेऊन सोमवारी या. बायकोनं यंदाच्या कालनिर्णयवर तो सोमवार आत्ताच गोल करून ठेवलाय.