भिंतीची हालचाल: नजरेने जोखावी की स्ट्रेनने मोजावी?

बडोद्यात आपल्याकडे कुणाचा इको (हृदयाची सोनोग्राफी) झाला की दांडिया बाजारापासून कारेलीबागेपर्यंत पहिला प्रश्न एकच: "पंपिंग किती टक्के?" तो आकडा हृदयाच्या अख्ख्या डाव्या खालच्या कप्प्याचा. रक्त कमी पडलेला भिंतीचा एखादा तुकडा त्यात सहज लपतो.

तो नजरेने शोधता येतो. डॉक्टर भिंतीचे 16 किंवा 17 भाग धरून आखडताना प्रत्येक किती जाड होतो ते बघतात. काम झटपट होतं. छातीत दुखत असताना हेच हवं. पण डोळा अनुभवी लागतो, आणि मृत तुकडाही शेजारच्या निरोगी स्नायूच्या ओढीने हलताना दिसतो.

स्ट्रेन, म्हणजे स्नायूच्या आखडण्याचं मोजमाप, इथेच सरस ठरतो. स्पेकल ट्रॅकिंगमध्ये स्नायूतल्या ठिपक्यांचा माग काढून तुकडा प्रत्यक्ष किती आखडला ते मोजतात. निरोगी कप्प्यात लांबीच्या दिशेने सरासरी उणे 20 टक्क्यांच्या आसपास (उणे म्हणजे लांबी घटली). ऑक्सिजन तुटला की हे आकुंचन घटतं, कधी तुकडा उलट ताणला जातो, किंवा महाधमनीची झडप मिटल्यावर (म्हणजे रक्त बाहेर टाकून झाल्यावर) उशिरा आखडतो. हा उशीर नजरेतून सहज निसटतो. हृदयाला रक्त पुरवणारी धमनी बंद करताच स्नायू बाहेर फुगतो, हे टेनंट आणि विगर्स या संशोधकांनी 1935 मध्येच कुत्र्यांच्या हृदयावर दाखवलं होतं.

मात्र चित्र धूसर असेल तर एकेका तुकड्याच्या स्ट्रेनवर मी विसंबणार नाही. मशीनची कंपनी बदलली की आकडाही बदलतो, म्हणून पुढची तपासणी शक्यतो त्याच मशीनवर करून घ्या.