रॉडमन की आयव्हर्सन?
खानापूरचा भाचा विचारत होता, “मामा, बास्केटबॉलमध्ये डेनिस रॉडमन की ॲलन आयव्हर्सन, कुणाचा खेळ गिरवू?”

उंचीत रॉडमन ६ फूट ७ इंच, आयव्हर्सन जेमतेम ६ फूट. एनबीए या अमेरिकन लीगची विजेतेपदं रॉडमनकडे ५, आयव्हर्सनकडे एकही नाही. पण २००१चा सर्वोत्तम खेळाडू तोच. मेहनतीत मला रॉडमन मोठा वाटतो. सरावात सहकाऱ्यांचा चेंडू कशी गिरकी घेतो, रिंगला लागून कुठे उडतो, हे तो टक लावून पाहायचा. म्हणून तर १९९२ ते १९९८ सलग ७ मोसम रिबाउंडमध्ये, म्हणजे हुकलेला चेंडू पटकावण्यात, पहिला! संसाराचं मात्र दारूने वाटोळं केलं. २०११ मध्ये थोर खेळाडूंना गौरवणाऱ्या हॉल ऑफ फेमच्या मंचावर, चांगला बाप झालो नाही, हे त्याने रडत कबूल केलं.

बुटक्या, चपळ पोराने आयव्हर्सन पाहावा. उंच पण नेम कच्चा असलेल्याने रॉडमन. लेका, टिळकवाडीत तू रिंगखाली ढोपरं फोडून घेतोस, तुला रॉडमनच. फक्त खेळापुरता.