रिलेचा व्हॉल्यूम कंट्रोल की पीजीए २३११?

घरी बांधलेल्या ॲम्प्लिफायरवर साध्या कार्बन पॉटची (नॉबमागच्या फिरत्या रेझिस्टरची) खरखर ऐकून झाली, आवाज कमी केला की डावा स्पीकर उजव्याच्या पुढे जातो हेही कळलं, की हा प्रश्न येतोच: रिले (विजेने लागणारे-सुटणारे छोटे स्विच) आणि रेझिस्टर, की आवाज कमी-जास्त करणारी पीजीए २३११ ही चिप? मी दोन्ही बांधले.

आधी रिलेवाला. सिग्नलच्या वाटेत नुसते रेझिस्टर आणि रिलेचे कॉन्टॅक्ट, ही गोष्ट मनाला पटते. वाजायचाही सुरेख. माझ्याकडे मोजायची साधनं नाहीत, पण माझ्या कानाला तो चिपपेक्षा कणभर मोकळा वाटायचा.

मात्र मी ऐकतो रात्री, घर झोपल्यावर, बारीक आवाजात. सहा रिले होते, आवाज अनुक्रमे १, २, ४, ८, १६ आणि ३२ डेसिबलने कमी करणारे; हव्या त्या आकड्यासाठी त्यांची बेरीज लागते. नॉब फिरवताना होणाऱ्या टकटकीची सवय झाली. ३१ वरून ३२ वर जाण्याची काही झाली नाही. तिथे पाच रिले सुटतात आणि सहावा लागतो. सगळे एकाच क्षणी हलत नाहीत. त्या काही मिलिसेकंदांत सिग्नल अडवायला कोणीच नसतं, आणि विलंबित ख्यालात स्पीकरमधून फाडकन आवाज येतो. रिले चालवणारा प्रोग्राम बदलला: मोठा रिले आधी लावायचा, बाकीचे जरा थांबून सोडायचे. फाडकन थांबलं, पण आता तानपुरा क्षणभर तुटायला लागला. आणि माझी रात्रीची पातळी नेमकी ३१-३२ च्या आसपासच.

पीजीए २३११ ची पायरी अर्ध्या डेसिबलची. झिरो क्रॉसिंगची पिन हाय ठेवली की सिग्नल शून्यातून जाताना पायरी बदलते. तानपुरा अखंड राहतो. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

चिपही सुखासुखी चालली नाही. तिला अधिक-उणे ५ व्होल्ट लागतात, आणि उणे ५ देणाऱ्या ७९०५ या रेग्युलेटरच्या पिनांचा क्रम अधिक ५ देणाऱ्या ७८०५ सारखा नसतो. तो सारखाच धरून मी पहिली चिप जाळली. दुसरीत डिस्प्लेची किरकिर ऐकू यायची. डिजिटल आणि ॲनालॉग ग्राउंड चिपजवळ एकाच ठिकाणी जोडले आणि नॉब हलेल तेव्हाच आकडा पाठवायला लागलो, तेव्हा ती किरकिर गेली. प्रोग्राममध्ये चिपला पाठवायचा आकडा १९२ च्या वर जाऊ देऊ नका. तिथे शून्य डेसिबल असतं. २५५ म्हणजे वर आणखी साडेएकतीस डेसिबल, आणि स्पीकरचं काही खरं नाही.

तुमचा प्रीॲम्प व्हॉल्व्हचा असेल तर चिपचा १० किलोओहमचा इनपुट त्याला जड जाईल, मध्ये बफर (तो भार स्वतः पेलणारं छोटं सर्किट) घालावा लागेल. तो घालायचा नसेल, आणि ऐकणं दिवसाचं असेल, तर रिलेचा विचार जरूर करा. बाकीच्यांनी माझ्या मते चिपच घ्यावी.

आकडा मधेच उड्या मारत असेल तर दोन्हींत आधी एन्कोडर (नॉब किती फिरला ते प्रोग्रामला सांगणारा भाग) पाहा. त्याच्या दोन्ही सिग्नल पिनांवरून ग्राउंडला ०.१ मायक्रोफॅरडचा एकेक कपॅसिटर लावला की बहुतेक वेळा भागतं.